युद्धातल्या संकेतभेदावरची कादंबरी : पहिल्या वाचकांच्या शिफारशी आणि संपादनाच्या नोंदी

३ जून

दुसऱ्या महायुद्धात गुप्त संदेश फोडणाऱ्या माणसांवरची मराठी कादंबरी. खर्डा पहिल्या वाचकांकडे गेला होता, त्यांचे अभिप्राय यायला लागलेत. कथेला दोन धागे आहेत. मोठा धागा इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कचा, म्हणजे शत्रूचे संदेश फोडण्याच्या ब्रिटिश केंद्राचा, १९४० ते १९४३. धाकटा दिल्लीतल्या आनंद पर्वतचा, १९४३. नायिका विशीतली, विद्यापीठात जर्मन शिकत असताना युद्धकामासाठी उचललेली.

वाचक मुद्दाम वेगवेगळ्या वळणाचे निवडलेत. नौदलातून निवृत्त झालेले एक काका, गणिताचे एक सर, इतिहासात एम.ए. करणारी एक मुलगी, नोकरीनिमित्त मिल्टन कीन्सला स्थायिक झालेली एक मैत्रीण (ब्लेचली आता त्याच शहरात मोडतं) आणि युद्धकथांच्या वाटेला कधीच न जाणाऱ्या एक ग्रंथपाल बाई. सगळ्यांना तेच प्रश्न दिले होते : कुठे थांबलात, कुठली पानं उलटून पुढे गेलात, आणि हे पुस्तक दुसऱ्या कुणाला द्याल तर काय सांगून द्याल?

वही घातलीय. डाव्या पानावर वाचकाची शिफारस, उजव्या पानावर निर्णय आणि त्याचं कारण. लेखिकेकडे उजवं पान जाईल, पण डावं झाकायचं नाही.

५ जून

सगळ्यांचा एक मुद्दा सारखा निघाला, आणि कुणी कुणाशी बोललेलं नाही. प्रकरण ११ मध्ये कोड फुटतो. खोलीत आरडाओरडा, मिठ्या, बाहेर पहाट. ग्रंथपाल बाईंनी समासात लिहिलंय : ‘सगळ्यांना आनंद झाला हे कळलं. झालं काय ते कळलं नाही.’

ही शिफारस मी सगळ्यांत वर ठेवली. कारण इथे प्रश्न एका प्रसंगापुरता नाही. एनिग्मा हे जर्मनांचं गुप्तलेखनाचं यंत्र. त्याची किल्ली, म्हणजे कोणत्या चकत्या, कोणत्या क्रमाने, कुठल्या तारा कुठे जोडायच्या, ही रोज बदलायची. बहुतेक रेडिओ-जाळ्यांवर मध्यरात्री. काल फोडलेलं आज उपयोगाचं नाही. ब्लेचलीत तीन पाळ्या चालत, आणि मध्यरात्रीनंतर बसलेल्या पाळीसमोर पुन्हा कोरा कागद. शिवाय हवाई दलाचं जाळं वेगळं, भूदलाचं वेगळं, नौदलाचं तर फारच वेगळं आणि चिवट. कोड फुटण्याची एकच थोर पहाट दाखवली की हे सगळं बुडतं.

लेखिकेला लिहिलंय : प्रकरण ११ चा उत्कर्षबिंदू काढून टाकू या. त्याजागी नायिकेची एक अख्खी पाळी येऊ दे, संध्याकाळी चार ते रात्री बारा. त्यात काहीही फुटलं नाही तरी चालेल.

८ जून

सरांची शिफारस नेमकी आहे : ‘वाचकाला एक पायरी तरी स्वतः चढू द्या. पेन्सिल घेऊन.’ कुठली पायरी हेही त्यांनीच सुचवलं, आणि मला ते पूर्ण पटलं.

एनिग्मात विजेचा प्रवाह कळीपासून निघून तीन चकत्यांतून जातो, टोकाच्या परावर्तकावर आदळतो आणि दुसऱ्या वाटेने परत येतो. या परावर्तकामुळे संदेश लिहायला आणि वाचायला एकच यंत्र, एकच मांडणी पुरते. चालकाच्या दृष्टीने मोठी सोय. पण त्याच सोयीमुळे एक खोट कायमची बसली : कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडू शकत नाही. ‘ए’ दाबला तर ‘ए’ सोडून बाकी पंचवीसपैकी काहीही उमटेल.

आता समजा, रोज सकाळी त्याच वेळी येणाऱ्या संदेशात ‘हवामान’ असणार असा अंदाज आहे. ब्लेचलीत अशा अटकळीच्या मजकुराला क्रिब म्हणत. तो नक्की कुठल्या जागी आहे हे कसं ठरवायचं? सरांनी काना-मात्रा काढून मराठीत उदाहरण करून दिलं. पकडलेला संदेश :

म ह र न व ट म क ल प

अटकळ : ह व म न

अटकळीची पट्टी संदेशाखाली ठेवायची आणि एकेक घर उजवीकडे सरकवायची. वरखाली तेच अक्षर आलं की ती जागा बाद. पहिल्या घरापासून ठेवली तर चौथ्या जोडीत न खाली न येतो, बाद. दुसऱ्या घरापासून ठेवली तर सुरुवातीलाच ह खाली ह, बाद. तिसऱ्या घरापासून : र-ह, न-व, व-म, ट-न, काही टक्कर नाही, म्हणून ही जागा शिल्लक. चौथ्या घरापासून व खाली व. पाचव्या घरापासून म खाली म. सहावी आणि सातवी जागा शिल्लक राहतात. पट्टी सात ठिकाणी बसते, त्यांतल्या चार जागा नुसत्या नजरेने गेल्या.

अटकळ जितकी लांब, तितक्या जास्त जागा गळतात. पंचवीस अक्षरांची अटकळ असेल तर शंभरातल्या साधारण ३८ जागाच उरतात. जर्मन हवामानखात्याचे ठरावीक साच्यातले संदेश, वरिष्ठांच्या हुद्द्यांची लांबलचक नावं, ‘विशेष काही नाही’ असा रोजचा अहवाल, हे सगळं म्हणूनच सोन्याच्या मोलाचं होतं.

निर्णय : हे उदाहरण प्रकरण ११ मध्ये जसंच्या तसं, नायिकेच्या हातातल्या कागदाच्या पट्टीसकट. संदेश इंग्रजी किंवा जर्मन अक्षरांत दाखवायचा नाही. वाचकाच्या हाताला जी लिपी सरावाची आहे तीच हवी, नाहीतर तो पेन्सिल उचलणारच नाही.

९ जून

ग्रंथपाल बाईंना तेवढीच दोन पानं पाठवली. त्यांनी पट्टी कापून, सरकवून पाहिली आणि विचारलं, ‘मग उरलेल्या तीन जागांचं काय केलं त्यांनी?’ हाच प्रश्न पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य व्हायला हवा.

१३ जून

इतिहासाच्या विद्यार्थिनीची शिफारस : नायिका काल्पनिक असू दे, पण जे काम खऱ्या माणसाने केलं ते त्याच्या खऱ्या नावानेच कादंबरीत यावं. नायिकेच्या नावावर ते चढवू नये.

खर्ड्यात नायिका एका संदेशात ‘एल’ हे अक्षर कुठेच नाही हे ओळखते. हे काम मेव्हिस लेव्हरचं. एकोणीस-वीस वर्षांची ही मुलगी लंडनमध्ये जर्मन शिकत होती, तिथून ब्लेचलीत आली आणि डिली नॉक्स यांच्या हाताखाली इटालियन नौदलाच्या एनिग्मावर बसली. तिच्यासमोर एक लांबलचक संदेश आला आणि त्यात एल एकदाही नव्हता. एवढ्या लांब मजकुरात असं सहजगत्या होत नाही. तिने ताडलं की कुणा कंटाळलेल्या चालकाला नुसता भरतीचा, पोकळ संदेश पाठवायला सांगितलं असणार, आणि तो एलचीच कळ दाबत बसला असणार. कळफलकावर ती शेवटची कळ, बोटाला सोयीची. अक्षर स्वतःच्या रूपात उमटत नाही, म्हणून एल सोडून सगळी अक्षरं आली. म्हणजे आख्खा संदेश हीच अटकळ! त्यावरून एका चकतीच्या आतल्या तारांचा उलगडा झाला.

वाचकाने आधी पट्टी सरकवून पाहिली असेल तर हा प्रसंग वाचताना त्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्या ते आधीच लक्षात येईल. म्हणून क्रम ठरला : पट्टी आधी, मेव्हिस नंतर.

नायिका मेव्हिसच्या शेजारच्या टेबलावर बसलेली दाखवू या. तिचं काम नोंदी ठेवण्याचं, संदेश वेळेप्रमाणे लावण्याचं. ब्लेचलीत बहुसंख्य कर्मचारी बायका होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचं काम असंच होतं. लेखिकेला हे आवडणार नाही हे माहीत आहे. नायिका मोठी करायची ओढ तिला आहे. पण मला या नायिकेचं मोठेपण नोंदींच्या कामातच दिसतं, आणि तिथे दाखवण्यासारखं खूप आहे.

१४ जून

याच प्रकरणाला जोडून मॅटापानची लढाई, ग्रीसजवळच्या समुद्रात ब्रिटिश आणि इटालियन आरमारांत झालेली. २५ मार्च १९४१ रोजी मेव्हिसच्या हाती आलेल्या संदेशात ‘आज उणे तीन दिवस’ अशा अर्थाचा मजकूर होता. म्हणजे इटालियन आरमाराची मोहीम तीन दिवसांनी. ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम अलेक्झांड्रियात होते. तिथला जपानचा वाणिज्यदूत बंदरावर नजर ठेवून असे, म्हणून ते दिवसाउजेडी सामान घेऊन गोल्फ खेळायला गेले आणि अंधार पडल्यावर गुपचूप जहाजावर चढले. इटालियन जहाजं सापडली ती टेहळणीच्या विमानामुळे, असं शत्रूला वाटावं म्हणून विमानही आधी पाठवलं होतं.

काकांची शिफारस दोनच ओळींची आहे : ‘झारा, पोला, फ्युमे बुडाल्या, शिवाय दोन विनाशिका. सुमारे २,३०० माणसं गेली. जल्लोषानंतर हे लिहा.’ लिहायचं. नायिका नोंदी ठेवते, तर हा आकडाही तिच्याच नोंदीत येईल, आणि त्यावर तिने काही बोलायची गरज नाही.

१८ जून

आज दिवसभर काकांच्या टिपणावरच होतो. त्यांनी पाणबुड्यांच्या प्रकरणाबद्दल अनेक पानं लिहून पाठवलीत, अक्षर सुरेख आणि एकही खाडाखोड नाही.

पार्श्वभूमी अशी. १ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांच्या एनिग्माला चौथी चकती लागली. ब्लेचलीत या जाळ्याचं नाव शार्क. त्या दिवसापासून जवळजवळ दहा महिने हट ८, म्हणजे ब्लेचलीतली नौदलाच्या एनिग्मावर काम करणारी शाखा, आंधळी झाली. जहाजांचे तांडे बुडत राहिले. खर्ड्यात हे दहा महिने एका परिच्छेदात उरकलेत, आणि पुढे ‘शेवटी एका पाणबुडीतून कागद मिळाले’ एवढंच आहे.

काका म्हणतात, या ‘मिळाले’ शब्दात माणसं बुडालीत. खरंच आहे. ३० ऑक्टोबर १९४२. पोर्ट सैदच्या बाजूला भूमध्य समुद्रात पेटार्ड आणि तिच्या साथीच्या विनाशिकांनी यू-५५९ ला तासन्‌तास पाणबॉम्ब टाकून वर यायला भाग पाडलं. रात्र झाली होती. लेफ्टनंट टोनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर बुडत्या पाणबुडीत उतरले. पेटार्डच्या कँटीनमध्ये काम करणारा टॉमी ब्राउन, वय १६, त्यांच्यामागे गेला. तो शिडीवरून कागद वर पोचवत राहिला. पाणबुडी एकाएकी तळाला गेली. ब्राउन उडी टाकून वाचला, ते दोघे आतच राहिले.

वर आलेल्या कागदांत हवामानाच्या संक्षिप्त संदेशांची नवी वही होती. पाणबुड्या हवामान मोजक्या अक्षरांत कळवत. ती वही हातात असली की संदेशाचा मूळ मजकूर काय असेल याची अटकळ बांधता येते. म्हणजे पुन्हा पट्टी आणि हवामान. शिवाय असं कळलं की या छोट्या संदेशांच्या वेळी चौथी चकती तटस्थ जागी ठेवत, त्यामुळे यंत्र तीन चकत्यांचंच उरे. १३ डिसेंबर १९४२ रोजी शार्क पुन्हा वाचता आला.

फॅसन आणि ग्रेझियर यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला, ब्राउनला जॉर्ज मेडल. ब्राउन १९४५ मध्ये घराला लागलेल्या आगीत बहिणीला वाचवताना गेला. आपण काय वाचवलं होतं हे त्याला कधीच कळलं नाही, कारण ही सगळी हकीगत पुढे कितीतरी वर्षं गुपितच राहिली.

निर्णय : स्वतंत्र प्रकरण, ब्राउनच्या नजरेतून. काकांनी एक तांत्रिक शिफारसही केलीय ती तशीच घेतो. शिडीवर माणूस एका हाताने धरतो आणि एका हाताने कागद देतो, म्हणून एका वेळी फार काही देता येत नाही, फेऱ्या माराव्या लागतात. खर्ड्यात ‘पेटी भरून कागद’ आहेत. ते काढायचं.

२१ जून

सरांचं एक छोटं म्हणणं. पान ८४ वर एनिग्माच्या शक्यतांचा आकडा आहे : १५,८९,६२,५५,५२,१७,८२,६३,६०,०००. सर म्हणतात, हा ठेवायचा तर त्याची फोड करा, नाहीतर काढा. पाच चकत्यांतून तीन निवडून क्रमाने लावायचे ६० प्रकार, प्रत्येक प्रकारात १७,५७६ सुरुवातीच्या जागा, म्हणजे दोन्ही मिळून १०,५४,५६०. बाकी सगळा अवाढव्य भाग यंत्राच्या पुढच्या बाजूला असलेल्या तारांच्या फळ्याचा. आणि ब्लेचलीतले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या ‘बॉम्ब’ नावाच्या, किल्ली शोधणाऱ्या यंत्राने नेमकी त्या भागालाच बगल दिली. तारांची मांडणी अमुक असेल असं धरायचं, अटकळीवरून त्याचे परिणाम काढत जायचं, आणि एकाच अक्षराला दोन जोडीदार निघाले की ती जागा खोटी. तिथलेच गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात कर्णफळा (डायगोनल बोर्ड), म्हणजे जोडण्यांचा एक जादा फळा, घातल्यावर या विसंगती खूप लवकर दिसायला लागल्या.

आकडा ठेवतो, फोडीसकट. मोठ्या आकड्याने वाचक दडपतो, फोड केल्यावर तो पुढचं विचारतो.

२४ जून

इतिहासाच्या विद्यार्थिनीची मोठी शिफारस : पोलंड. खर्ड्यात पोलिश गणितज्ञांवर एक वाक्य आहे. ती म्हणते, एकतर वाक्यही काढा, नाहीतर पूर्ण न्याय द्या. तिचं टिपण वाचल्यावर मी तिच्या बाजूचा झालो.

मारियान रेयेव्स्की, येझी रुझिट्स्की, हेन्रिक झिगाल्स्की. १९२९ मध्ये पोझनानच्या विद्यापीठात गणिताच्या मुलांसाठी गुप्तलेखनाचा एक वर्ग चालवला गेला, त्यातून हे तिघे निवडले गेले. डिसेंबर १९३२ मध्ये रेयेव्स्की यांनी लष्करी एनिग्माच्या आतल्या तारांची रचना गणिताने शोधून काढली. हान्स-थिलो श्मिट या जर्मन माणसाने फ्रेंचांना विकलेली काही कागदपत्रं त्यांच्या हाती होती, पण यंत्र समोर नव्हतं.

पाय ठेवायला जागा मिळाली ती जर्मनांच्या काळजीमुळे. चालक प्रत्येक संदेशासाठी तीन अक्षरं निवडायचा आणि चूक होऊ नये म्हणून दोनदा टंकायचा. म्हणजे सुरुवातीच्या सहा अक्षरांत पहिलं आणि चौथं मूळचं एकच, तसंच दुसरं-पाचवं आणि तिसरं-सहावं. एका दिवसाचे पुरेसे संदेश जमले की पहिल्या जागी हे अक्षर असेल तर चौथ्या जागी कोणतं, मग ते पहिल्या जागी असेल तर पुढे कोणतं, असं धरत धरत अक्षरांची साखळी फिरून सुरुवातीला येते. फळ्यावरच्या तारा बदलल्या तर साखळीतली अक्षरं बदलतात, साखळीची लांबी मात्र तीच राहते. हे रेयेव्स्की यांनी ओळखलं.

मग त्यांनी काय केलं? यादी. तीन चकत्यांचे ६ क्रम, प्रत्येकी १७,५७६ जागा, एकूण १,०५,४५६ नोंदी, त्यासाठी बनवलेल्या सायक्लोमीटर नावाच्या उपकरणावर एकेक करून. वर्षाहून जास्त काळ लागला. १९३७ च्या नोव्हेंबरात जर्मनांनी परावर्तक बदलला आणि ती सगळी यादी पुन्हा करावी लागली. ५ जूनला मी ज्या रोजच्या कामाबद्दल लिहिलं ते इथे वॉर्सात आधीच चालू होतं. कादंबरीची सुरुवात इथून व्हायला हवी असं आता मला ठाम वाटतं.

सलामीचा प्रसंग : जुलै १९३९ ची अखेर, वॉर्साजवळचं पिरीचं जंगल. ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांसमोर पोलिशांनी आपण काय काय साधलंय ते उघड केलं. नॉक्स तिथे होते. कळफलकाच्या कळा आतल्या पहिल्या चकतीला कुठल्या क्रमाने जोडल्यात, या एका प्रश्नावर ते अडकून बसले होते. रेयेव्स्की यांनी उत्तर दिलं : वर्णक्रमाने. ए ला ए, बी ला बी. त्यांनी तसं असेल असं धरून पाहिलं आणि ते निघालं. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला त्याच्या पाच आठवडे आधीची ही भेट.

पुढचंही यायला हवं. रुझिट्स्की जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेले. बाकीचे दोघे फ्रान्समधून पिरेनीज ओलांडून, स्पेनच्या तुरुंगांतून १९४३ मध्ये इंग्लंडला पोचले. तिथे पोलिश सैन्याच्या तुकडीत त्यांना हाताने लिहिलेले कमी दर्जाचे कोड फोडायला दिले. ब्लेचलीत त्यांना कुणी बोलावलं नाही.

२७ जून

अवघड निर्णय. मिल्टन कीन्सच्या मैत्रिणीला कॉव्हेंट्रीचं प्रकरण सगळ्यांत आवडलं. ‘हे प्रकरण वाचून दाखवून मी पुस्तक इतरांना देईन’ असं तिने लिहिलंय. त्यात १४ नोव्हेंबर १९४० ला शहरावर हल्ला होणार हे चर्चिल यांना आधीच कळतं, आणि एनिग्माचं गुपित जपण्यासाठी ते शहर जळू देतात.

ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण कागदपत्रांना धरून नाही. मोठा हल्ला होणार, त्याचं सांकेतिक नाव ‘मूनलाइट सोनाटा’ आहे, हे कळलं होतं. लक्ष्य कोणतं याची समजूत लंडनकडे झुकलेली होती. त्या संध्याकाळी बाहेरगावी निघालेले चर्चिल लंडनवरच हल्ला होणार असं समजून वाटेतून लंडनला परतले. कॉव्हेंट्रीत पाचशेहून जास्त माणसं मेली. त्या मृत्यूंवर नाट्यासाठी खोटं कारण चढवायला मी तयार नाही.

मैत्रिणीला फोन केला. ती नाराज झाली, पण एक गोष्ट तिने फार चांगली सांगितली : ‘मला ते प्रकरण आवडलं कारण तिथे गुपिताची किंमत दिसते.’ मग किंमत दाखवायला खरी जागा शोधू. मॅटापानचं विमान आहेच. टॉमी ब्राउन आहे. पुढे लिहितोय तो बॉम्ब यंत्राच्या ठोकळ्यांचा प्रसंगही आहे. लेखिकेला तसं कळवलं.

३० जून

लेखिकेचं उत्तर आलं. कॉव्हेंट्री काढायला तयार आहे. पण तिने विचारलंय : रोजच्या कामावर एवढा भर दिला तर मध्यावर कादंबरी उभी कशावर राहील?

मी तिला २१ ऑक्टोबर १९४१ चं पत्र सुचवलंय. ट्युरिंग, वेल्चमन, ह्यू अलेक्झांडर आणि स्टुअर्ट मिलनर-बॅरी या चौघांनी वरिष्ठांना ओलांडून थेट चर्चिल यांना लिहिलं, आणि मिलनर-बॅरी स्वतः ते घेऊन डाउनिंग स्ट्रीटला गेले. ब्लेचलीतली चार नामांकित डोकी पंतप्रधानांकडे काय मागतात? कारकून मुली, टंकलेखिका, यंत्रांवर बसायला रेन्स, म्हणजे नौदलाच्या महिला दलातल्या मुली. मोजकी माणसं कमी असल्यामुळे संदेश पडून राहतायत. चर्चिल यांनी शेरा मारला, ‘ॲक्शन धिस डे’, म्हणजे आजच्या आज. यांना हवं ते सगळं अग्रक्रमाने द्या आणि दिल्याचं मला कळवा.

नायिका मागणीतल्या त्या मुलींपैकीच एक. कादंबरीचा मध्य तिच्या टेबलापाशी आपोआप येतो.

६ जुलै

मैत्रीण ब्लेचलीला जाऊन आली. तिथल्या संगणक-संग्रहालयात पुन्हा बांधलेलं बॉम्ब यंत्र चालवून दाखवतात, त्याचा आवाज तिने टिपून पाठवलाय. खर्ड्यात यंत्र ‘घुमतं’. ध्वनिफितीत घुमणं नाहीच, अखंड टकटक आहे, मधेच एकदम थांबते. थांबली की त्या जागेची नोंद करायची, ती तपासायला पाठवायची, पुन्हा सुरू.

यंत्रात एनिग्माच्या चकत्यांची नक्कल करणारे १०८ गोल ठोकळे, म्हणजे ३६ एनिग्मा शेजारी शेजारी. वजन सुमारे एक टन. ठोकळ्यांच्या मागच्या तारांचे बारीक ब्रश वाकून एकमेकांना चिकटले तर खोटी जोडणी होई, म्हणून रेन्स चिमट्याने ते सरळ करत बसत. लंडनच्या कडेला ईस्टकोट आणि स्टॅनमोरलाही अशी यंत्रं होती. तिथल्या मुलींना आपण कुठला संदेश फोडतोय हे सांगत नसत. फार तर ‘काम झालं, यंत्र मोकळं करा’ असं कळे.

मैत्रिणीची शिफारस : नायिकेची खोलीतली सोबतीण ईस्टकोटला बदली होऊ दे, आणि शेवटपर्यंत एकमेकींचं काम दोघींनाही कळू देऊ नका. स्वीकारली. चिमटा आणि ब्रश एका पूर्ण पानभर हवेत.

११ जुलै

दिल्लीचा धागा. ग्रंथपाल बाई आणि काका, दोघांचीही शिफारस वाढवा अशी. सर म्हणतात काढा, पसारा होतो. मी वाढवण्याच्या बाजूने, कारण मराठी वाचकाला हे युद्ध इंग्लंडातच घडलं असं वाटत राहणं बरोबर नाही.

आनंद पर्वतवरच्या रामजस कॉलेजच्या इमारतीत वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर होतं. नाव प्रयोगशाळेचं, काम जपानी संदेश फोडण्याचं. ब्रिटिश आणि भारतीय सैन्यातली, हवाई दलातली माणसं तिथे होती. इंग्लंडात बेडफर्डला कॅप्टन ऑस्वल्ड टक यांनी विद्यापीठातल्या पोरांना सहा महिन्यांत जपानी शिकवली, त्यांतले काही पुढे इथे आले. १९४३ मध्ये विल्फ्रिड नॉइस आणि मॉरिस ॲलन यांनी जपानी भूदलाच्या जलवाहतुकीच्या कोडमध्ये शिरायची वाट शोधली. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनलाही ती सापडली. चार-चार आकड्यांचे गट, त्यांवर आणखी आकडे मिळवून झाकलेले. एका ठरावीक जागचा आकडा जितका विस्कळीत असायला हवा तितका नाही, एवढ्यावरून सुरुवात झाली. सैन्याची रसद कुठल्या जहाजातून कधी निघणार हे त्यातून वाचता यायला लागलं.

(हेच नॉइस १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते. लेखिकेला हे ठाऊक नव्हतं, आता तिला त्यांच्यावर वेगळं पुस्तक करायचंय.)

निर्णय : धागा तीन प्रकरणांचा. पण जर्मन यंत्र आणि जपानी आकड्यांचे गट वाचकाने एकच समजू नयेत, म्हणून दिल्लीच्या पहिल्या प्रकरणात यंत्र नाही हे ठळक यायला हवं. इथे कोश, बेरजेचे तक्ते आणि कागद. सरांची पसाऱ्याची भीती याने बरीच कमी होते, तसं त्यांनीही मान्य केलं.

१६ जुलै

मलपृष्ठाचा मजकूर. प्रकाशनाच्या बाजूने ‘एका मुलीने युद्धाचा निकाल बदलला’ अशी ओळ आली होती. ती मी नाकारली. पुस्तकात जे नाही ते बाहेर छापायचं नाही. त्याऐवजी वाचकांनीच तिसऱ्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांतून ओळी घेतोय. ग्रंथपाल बाईंची सगळ्यांत चांगली : ‘सोबत पेन्सिल ठेवा. मला गणित येत नाही, तरी मी एक जागा शोधली.’ काकांची त्यांनी छापू नका म्हटलंय, ती वहीतच राहील.

१९ जुलै

नवा क्रम लेखिकेला पाठवला आणि तिने तो मान्य केला. पिरीचं जंगल, मग हटमधली पाळी आणि पट्टी, मेव्हिस, मॅटापान, चर्चिल यांना पत्र, शार्कचे दहा महिने, टॉमी ब्राउन, ईस्टकोट, शेवटी दिल्ली. शार्कच्या महिन्यांसाठी ती नव्याने लिहितेय, त्यात प्रत्येक प्रकरण मध्यरात्री सुरू होईल.

राहिलेलं : पट्टीचं उदाहरण मांडणीकाराला वेगळं समजावून द्यायचं. अक्षरं घराघरांत, वरखाली तंतोतंत जुळलेली हवीत, नाहीतर सरकवण्यात गोंधळ होईल. पोलिश नावांचं लेखन सगळीकडे एकसारखं करायचं. पहिली प्रूफं आली की आकड्यांची पानं सरांकडे आणि समुद्राची काकांकडे जातील.